चाचणी, वापरू नये

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली एकवीस वर्षं परीक्षा विभाग माझ्याकडे होता. निकाल लागला, फेरतपासणीची मुदत संपली, की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायचे, रजिस्टरमध्ये ‘तपासले, नष्ट केले’ असं लिहून सही करायची आणि गठ्ठे शिपायाच्या ताब्यात द्यायचे. कपाट रिकामं झालं की मला बरं वाटायचं. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. वाण्याची यादी, विजेची बिलं, जुनी पत्रं, सगळं तपासून झालं की घरातून बाहेर.

हे तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते आहे, कारण या कागदांबरोबर जी डिस्क तुमच्याकडे येते आहे ती अर्धवट आहे, आणि ती अर्धवट का आहे ते तुम्हाला माहीत असावं.

आजोबांनी निवृत्तीनंतर एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. हातात मावणारा, चित्र एकदम लख्ख. दुकानदाराने ‘हाय डेफिनेशन’ म्हणून सांगितलं आणि तो शब्द त्यांना फार आवडला. त्यांनी सहलींची चित्रं कधी घेतली नाहीत. त्यांना घरातली कामं टिपायची असत. नळाचा वायसर बदलताना, सांडगे गच्चीवर वाळत घालताना, कूलर उतरवताना. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, समोर स्वतः काम करायचं आणि काम करता करता बोलत राहायचं, अशी त्यांची पद्धत. ते तुमच्याशी बोलत. तुम्ही त्या उन्हाळ्यात परदेशातून येणार होता, म्हणून एप्रिलमध्ये त्यांनी कूलर बसवण्याचं सगळं काम टिपून ठेवलं. मग तुमच्या आईच्या नोकरीमुळे येणं रद्द झालं. डिसेंबरात आजोबा गेले.

वर्षभर मी त्या कॅमेऱ्याची पिशवी उघडली नाही. वर्षश्राद्धाला तुमचे बाबा आले तेव्हा त्यांनी संगणकाला जोडायचा एक डिस्क रायटर आणला, आणि पाच कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क. म्हणाले, “आई, तू ते सगळं नीट लावून दे. तुझ्याइतकं नीट कोणी करणार नाही.” मला काहीतरी काम असावं म्हणून ते आणलं होतं, हे मला कळत होतं. पण कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

ते परत गेल्यावर मी एक वही केली. जुन्या अल्बममधली दोनशे बारा छायाचित्रं निवडली, स्कॅन करून घेतली, सालवार लावली. प्रत्येकाला पाच सेकंद. चित्रात माणसं जास्त असतील तर सात, म्हणजे ओळखायला वेळ मिळेल. प्रत्येक चित्राखाली एक ओळ मराठीत, एक इंग्रजीत. छायाचित्रं संपली की आजोबांचं चित्रण, अठ्ठेचाळीस मिनिटं. दोन महिने माझे बरे गेले. सकाळची कामं आटोपून मी दहाला संगणकासमोर बसायची ते एकला उठायची.

डिस्क लिहिली जात असताना संगणकाला हात लावायचा नाही, असं तुमच्या बाबांनी बजावलं होतं. म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसायची, पेपर चालू असताना वर्गात बसतात तशी. तो रायटर आधी घरघरायचा, मग एका सुरात गुणगुणायचा. तेवढ्या वेळात फ्लॅटमध्ये दुसरा आवाज नसायचा. शेवटी ट्रे आपणहून बाहेर यायचा, आणि कोणीतरी काही पुढे केल्यासारखं मला वाटायचं.

चांगल्या डिस्क वाया जाऊ नयेत म्हणून पहिली चाचणी मी घरात पडलेल्या एका साध्या डीव्हीडीवर घेतली. तीवर फक्त आजोबांचं चित्रण घातलं. डिस्क तयार झाली, टीव्हीला लावली, आणि वर्षभरानंतर त्यांचा आवाज या खोलीत आला.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहिते. त्या आवाजासरशी मी टीव्हीच्या जवळ सरकले, हे खरं. पण त्याच क्षणी मनात हेही आलं, की हे असं मुलांना कसं पाठवायचं?

तुमचे आजोबा काटोलकडच्या खेड्यातले. शेतकऱ्याच्या घरातून शिकून ओव्हरसीअर झालेले. मी नागपूरच्या महाल भागातली; माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, आणि आमच्या घरी बोलणं पुस्तकातल्यासारखं. लग्न झालं तेव्हा आजोबा त्यांच्या गावासारखं बोलत, आणि शेवटपर्यंत तसंच बोलले. मी चार माणसांत त्यांना हळूच टोकायची. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली. लोकांना ते कौतुक वाटायचं. तुम्हाला व्हिडिओ कॉल केला की ते दोन वाक्यं बोलत आणि फोन माझ्या हातात देत. “तूच बोल वं, तुले नीट येते,” म्हणत. मी शेजारी बसलेली असायची, हे त्याचं कारण.

ती चाचणी मी मिनिटभर पाहिली आणि बंद केली. स्वतःला एक कारण दिलं. तुमच्यातली मोठी दर शनिवारी मराठीच्या वर्गाला जाते, तिच्या कानावर शुद्ध भाषा पडायला हवी. मग मी संपूर्ण चित्रणाचा आवाज काढून टाकला आणि त्यावर सतारीची एक धून बसवली. पुढचं सगळं काम आवाज बंद ठेवूनच केलं. त्यामुळे उरलेल्या सत्तेचाळीस मिनिटांत ते काय बोलले, ते मी तेव्हा एकदाही ऐकलं नाही.

अंतिम डिस्क चांगली झाली. मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली. मग संगणकावरचं मूळ चित्रण काढून टाकलं, कचरापेटी रिकामी केली, कॅमेरा आणि त्याची कार्डं माझ्या जुन्या शाळेला स्नेहसंमेलनासाठी देऊन टाकली. वहीत लिहिलं, ‘तपासले, नष्ट केले’, आणि सही केली.

डिस्क शेजारच्यांच्या मुलीबरोबर सप्टेंबरात तुमच्याकडे पोचली. तुमच्या घरी खेळांचं जे यंत्र आहे त्यात ती लागली, आणि रविवारी तुमचा फोन आला. मी चहा करून, खुर्ची ओढून, तयार बसले होते. मोठी म्हणाली, फोटो फार छान आहेत, आजी. आजोबांच्या हातावरचे केससुद्धा दिसतात. मग म्हणाली, ते सारखं काहीतरी सांगतायत, पण ते ऐकू येत नाही. नुसती सतार वाजते. मी म्हटलं, मागे फार गोंगाट होता गं, म्हणून काढून टाकलं.

मी तुमच्याशी खोटं बोलल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

मग धाकट्याने फोन घेतला. तो दीड वर्षाचा असताना शेवटचा इथे आला होता. त्याने विचारलं, “आजी, आजोबांना बोलता येत नव्हतं का?”

त्याची चूक नाही. त्याला आजोबा माहीत आहेत ते त्या डिस्कमधले. तिथे एक माणूस ओठ हलवतो, हसतो, बोट दाखवतो, आणि आवाज येत नाही. मी नाही-नाही म्हणाले, येत होतं रे, आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर चहा तसाच राहिला होता. साय धरलेली.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला लागले. शाळेत फोन केला. कार्डांवर शाळेचे दोन कार्यक्रम चित्रित झाले होते. संगणक रामदासपेठेतल्या एका माणसाकडे नेला. पुसलेलं परत काढून देतो अशी त्याची पाटी होती. दोन दिवसांनी त्याने मला अल्बममधली काही तुटकी छायाचित्रं काढून दिली. चित्रण पुसल्यानंतर मी त्याच जागेवर इतकं काही भरलं होतं, की खालचं गेलं, असं तो म्हणाला. तुमच्या बाबांनी तिकडे आपले जुने फोन चाळले. एका वाढदिवसाच्या चित्रणात, केक कापताना, मागून आजोबांचा आवाज आहे. “हो, हो.” एवढंच.

चाचणीची डिस्क मला आठवायला चार दिवस लागले. कारण ती माझ्या लेखी डिस्क उरलीच नव्हती.

आमच्या प्रताप नगरच्या सोसायटीत कबुतरांचा फार त्रास आहे. कूलरच्या मागे, गॅलरीतल्या पाइपांवर, जागा मिळेल तिथे घरटी. इथे बायका जुन्या डिस्क दोरीला बांधून गॅलरीत टांगतात. ऊन पडलं की त्या चमकतात आणि कबुतरं बुजतात, असा समज आहे. मीही वाया गेलेल्या तीन डिस्क मार्चमध्ये लोकरीच्या दोऱ्याने टांगल्या होत्या. कबुतरं बुजली नाहीत. एक तर मधल्या डिस्कच्या बरोबर खाली कठड्यावर बसायचं, सावली मिळाल्यासारखं.

मी स्टुलावर चढून तिन्ही उतरवल्या. मधलीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘चाचणी, वापरू नये’. शाई उडून फिकट झाली होती. नागपूरचा एक अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा तिने गॅलरीत काढला होता. चकचकीत बाजू, जी जांभळट असते, ती कडेने पिवळी पडली होती. धूळ, कबुतरांची घाण. मी ती हातात धरून आत आले आणि डायनिंग टेबलापाशी बसून राहिले. माझ्या रायटरने ती ओळखलीच नाही. तीनदा आत घेतली, तीनदा घरघरून परत दिली.

रामदासपेठेतल्या माणसाने ती हातात न घेताच मान हलवली. पण त्यानेच नंदनवनमधल्या एका बाईंचा पत्ता दिला. लग्नाची शूटिंग करतात, जुन्या कॅसेटी, डिस्क उतरवून देतात. मी डिस्क मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात ठेवली आणि ऑटोने निघाले. सगळा रस्ता डबा मांडीवर. ऑटोवाल्याने विचारलं, दवाखान्यात डबा नेता का? मी हो म्हटलं.

बाई पन्नाशीच्या होत्या. खोलीत एका टेबलावर पाच जुने ड्राइव्ह ओळीने मांडलेले, प्रत्येकाचं झाकण काढलेलं. त्यांनी डिस्क उजेडात तिरपी धरली.

“काकू, हे उन्हात काहून ठेवली?”

मी कबुतरांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माह्या सासूनं आमची हळदीची सीडी टांगली होती. मग त्यांनी ओल्या मऊ कापडाने डिस्क पुसली. मी गोल पुसली असती. त्यांनी मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेघांनी पुसली. त्यांनीच मला समजावलं की डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवात मधे असते आणि शेवट कडेला. ऊन कडेला जास्त लागलंय, म्हणजे सुरुवात मिळाली तर मिळेल. कोणता ड्राइव्ह कोणत्या डिस्कला पावेल ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांत घालून पाहायची.

चार ड्राइव्हनी नकार दिला. पाचवा, सगळ्यांत जुना, बराच वेळ कुरकुरला आणि मग त्याने वाचायला सुरुवात केली. तासभर लागला. बाई मधून मधून दुसरं काम करत होत्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

शेवटी त्या म्हणाल्या, पाच मिनिटंही नाही आली, काकू. चार मिनिटं आणि वर थोडं. पाहाचं का?

पडद्यावर आमची गॅलरी आली. आजोबा बनियनवर, डोक्याला पंचा, समोर कूलर. आणि आवाज.

“तर पाय गा बापू, हा आपला कूलर. वर्षभर ताडपत्रीत झोपून होता, आता याले उठवाचं आहे. हे याची वाळ्याची ताटी. पाय कशी कडक झाली, माह्या गुडघ्यासारखी. हे काढाची, नवी लावाची. पाणी पडलं का असा वास सुटते, का तू तिकडे विमानात बसला तरी तुले येईन. तुही आजी म्हणते एसी घ्या. एसीले वास रायते का? आन ताई, तू यासोबत भांडू नोको, तुले खिडकीची जागा ठेवली आहे मी. दोघांच्या गाद्या यासमोरच टाकतो. रात्री पाणी संपलं तं मी उठतो, तुमी झोपा.”

बाई हसत होत्या. “काका आमच्याकडचेच दिसते,” म्हणाल्या. ते पान्याने नट काढत होते आणि बोलत होते, नट निघाला तेव्हा त्यालाही शाबास म्हणाले. असं ते तीन मिनिटं बोलले. घरी टीव्हीवर मी एक मिनिट पाहून बंद केलं होतं, म्हणून पुढचं मला माहीत नव्हतं.

पुढे पडद्याबाहेरून एक बाईचा आवाज आला. स्वच्छ, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल असा.

“अहो, नीट बोला. मुलं ऐकणार आहेत.”

आजोबांनी हातातला पाना खाली ठेवला. आवाजाच्या दिशेने पाहिलं, रागाने नाही. “बरं मॅडम,” म्हणाले. मग कॅमेऱ्याकडे तोंड केलं, पंचा सरळ केला, आणि धडा वाचल्यासारखे बोलायला लागले. “मुलांनो, हा कूलर आहे. ह्याच्यात आपण पाणी भरतो. कूलरमुळे आपल्याला थंड हवा मिळते.” एक एक वाक्य तोडून. हात खिळल्यासारखे बाजूला. चौथ्या वाक्यावर चित्र चौकोनांत फुटलं आणि थांबलं.

बाई पडद्याकडेच बघत राहिल्या, माझ्याकडे वळल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मग, माऊस हातात धरूनच, त्यांनी विचारलं, “काकू, तुमचा आवाज कापून देऊ? तेवढा काढता येते. काका बोलून राहिले तेवढंच ठेवू, त्याच्या पुढचंही काढून टाकू. पोरांले समजणार नाही.”

मला मोह झाला, हे लपवत नाही. तीन मिनिटांची नीटनेटकी फीत झाली असती. आजोबा त्यांच्यासारखे बोलले असते, आणि तुम्हाला आजी कधी ऐकू आली नसती. मी आयुष्यभर असंच केलं आहे. जे बरोबर नाही ते काढून टाकलं आहे आणि सही केली आहे.

“राहू द्या,” मी म्हटलं. “सगळं राहू द्या.”

घरी येऊन मी नवी डिस्क केली. दोनशे बारा छायाचित्रं आहेत तशीच आहेत. त्यानंतर ती चार मिनिटं, जशी मिळाली तशी, चित्र फुटतं तिथपर्यंत. पुढचं चित्रण मी तुमच्याकडे आधी पाठवलेल्या डिस्कच्या इथे ठेवलेल्या प्रतीतून घेतलं, आणि त्यावरची सतार काढली. काढल्यावर खाली काही नाही. चव्वेचाळीस मिनिटं आजोबा काम करतात, ओठ हलवतात, दोनदा मोठ्याने हसतात, आणि आवाज नाही. आधी मला वाटलं, ते काय सांगत असतील ते मी माझ्या आवाजात भरावं. फोन समोर धरून, त्यांच्या बोलीत, एकदा बोलून पाहिलं. चाळीस वर्षं रोज ऐकलेली भाषा माझ्या तोंडून नाटकासारखी आली. पुसून टाकलं.

पण एक मला दिसलं, तुम्हीही बघा. कूलरच्या कामानंतर सांडग्यांचं आणि नळाचं काम आहे, ते त्यांनी मी शाळेच्या माजी शिक्षकांच्या बैठकीला गेल्यावर टिपलं होतं, चित्रणावरच्या तारीख-वेळेवरून कळतं. तिथे त्यांचे हात पुन्हा हलतात. ते मोकळे बोलत आहेत. मी घरी नव्हते.

धाकट्या, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आता ऐकू येईल. आजोबांना बोलता येत होतं. मधे जो बाईचा आवाज येतो तो माझा आहे. तिथे डिस्क पुढे ढकलू नका. ताईला सांग, तिच्या मराठीच्या बाईंना ते बोलणं ऐकवायला हरकत नाही. त्यांनी काही म्हटलं तर मला कळव.

उन्हाने गेलेली डिस्क मी धुऊन, पुसून, आजोबांच्या चष्म्याच्या खणात ठेवली आहे. गॅलरीतला लोकरीचा दोरा सोडायचा राहिला. आज सकाळी त्याच्या खाली तेच कबुतर येऊन बसलं होतं. सावली नव्हती तरी बराच वेळ बसलं. मी आतून बघत होते, हाकललं नाही. वहीत मात्र अजून काही लिहिलेलं नाही. या वेळचं पान सहीशिवाय राहील.